पेन्सिलीची नोंद व शाईची नोंद : डेटाबेसमधील इशारे आणि अपवाद ह्यांचा इतिहास

१. प्रस्ताव

ठाणे तालुक्यातील करावे हे खाडीकाठचे गाव आज नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत, नेरूळच्या पोटात सामावलेले दिसते. ह्या पट्ट्यातील आगरी-कोळी वस्तीचा निर्वाह एके काळी भातशेती, मिठागरे व मासेमारी ह्यांवर चाले. १७ मार्च १९७० रोजी सिडको ह्या महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण ह्या तीन तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराच्या योजनेखाली आल्या. करावे हे त्यांपैकी एक होय. १९९३ साली दर्यावर्दी अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी 'टी. एस. चाणक्य' ही संस्था ह्याच गावाच्या भूमीवर आली. शेताचे शहर होण्याची ही क्रिया एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडली.

जमीन गेली, तथापि जमिनीच्या नोंदीचे महत्त्व गेले नाही; उलट ते वाढले. जानेवारी १९८४ मध्ये जासई व दास्तान परिसरात झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले. पुढे १९९० च्या सुमारास संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ खातेदारास परत देण्याचे धोरण आकारास आले. हा मूळ खातेदार कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर सातबारा व त्यामागील फेरफार ह्यांतच शोधावे लागते. एखाद्या फेरफारात एक नाव गळलेले असेल, तर त्या गळतीची किंमत एका शाखेच्या साऱ्या वारसांना मोजावी लागते.

आता ह्या नोंदी कापडी बांधणीच्या वहीतून संगणकाच्या डेटाबेसमध्ये गेल्या आहेत, आणि नागरिक त्या संकेतस्थळावर पाहतो. वहीत लिहिताना चूक झाली, तर ती लिहिणाऱ्याच्या हातून होत असे. डेटाबेसमध्ये मात्र लिहिणारा माणूस व लिहिली जाणारी नोंद ह्यांच्यामध्ये एक प्रोग्राम उभा असतो. प्रोग्रामने पाठविलेली आज्ञा, म्हणजे क्वेरी, डेटाबेसने जशीच्या तशी पाळली, अर्धवट पाळली की मुळीच पाळली नाही, हे त्या प्रोग्रामने विचारल्यावाचून कळत नाही. डेटाबेस आपली अडचण दोन प्रकारांनी कळवितो. काम केले पण त्यात काही खोट आहे असे सांगणे हा 'इशारा', आणि काम होऊच शकत नाही म्हणून प्रोग्रामचा नित्यक्रम तोडणे हा 'अपवाद'. संगणकशास्त्रात त्यांना अनुक्रमे वॉर्निंग व एक्सेप्शन म्हणतात.

संकेतस्थळांच्या प्रोग्रामांत ह्या दोहोंची हाताळणी कशी बदलत गेली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा इतिहास नवनव्या साधनांच्या शोधाचा आहे असा सर्वसाधारण समज असतो. परंतु साधने फार लवकर उपलब्ध झाली होती. प्रोग्राम लिहिणाऱ्याने काहीच सांगितले नाही तर काय व्हावे, हा खरा वादाचा मुद्दा होता, आणि त्याचे उत्तर बदलण्यास पाव शतक लागले. हे समजण्यासाठी प्रथम चावडीवरील जुन्या व्यवस्थेकडे वळणे उपयुक्त ठरेल. कारण हाच प्रश्न महसूल कायद्यापुढे फार पूर्वी उभा राहिला होता.

२. चावडीवरील व्यवस्था

मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाची पद्धत १९०३ च्या कायद्याने आली. १९१३ साली त्या तरतुदी १८७९ च्या जमीन महसूल अधिनियमात समाविष्ट करण्यात आल्या. गावपातळीवरील हिशेबांचे नमुने अँडरसन ह्यांच्या महसुली हिशेबांवरील पुस्तकाने रूढ केले. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि तिच्या आधारे १९७१ चे अधिकार अभिलेखविषयक नियम झाले. ह्या सर्व स्थित्यंतरांतून एक कल्पना टिकून राहिली. हक्कात बदल झाल्याची वर्दी मिळणे आणि तो बदल अभिलेखात मान्य होणे, ह्या दोन वेगळ्या घटना आहेत, ही ती कल्पना होय.

खरेदी, वारसा, वाटणी किंवा गहाण ह्यांची वर्दी आली म्हणजे तलाठी ती गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहीत असे. सातबाऱ्यावर मात्र त्या फेरफाराचा केवळ निर्देश पेन्सिलीने केला जाई. संहितेच्या कलम १५० अन्वये नोंदीची प्रत चावडीवर लावावयाची आणि हितसंबंधी व्यक्तींना नोटीस द्यावयाची. कोणी हरकत घेतली, तर ती गाव नमुना ६-अ ह्या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहून तिची पोच द्यावयाची. अशा वादाचा निर्णय शक्यतो एका वर्षात व्हावा अशी अपेक्षा असे. नंतर मंडळ अधिकारी किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी नोंद प्रमाणित करी, आणि तेव्हाच पेन्सिलीची जागा शाई घेई. शाईच्या नोंदीस कलम १५७ चे बळ असते. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी मानली जाते. लेखनप्रमाद राहून गेल्याचे पुढे आढळले, तर कलम १५५ अन्वये तो दुरुस्त करता येतो.

ह्या व्यवस्थेचा सांगाडा पाहिला तर त्यात चार नियम आढळतात. संशयित नोंद निःसंशय नोंदीहून डोळ्यांना वेगळी दिसली पाहिजे. तिची वार्ता ठरावीक माणसापर्यंत पोचली पाहिजे. हरकत कोठेतरी लिहून ठेवली गेली पाहिजे. आणि निर्णय होईपर्यंत नोंद आपोआप पक्की होता कामा नये. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावयास हवा. नोटीस मिळूनही पक्षकार गप्प राहिला, तर त्याच्या मौनाचा अर्थ संमती असा घेता येतो. परंतु प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मौनाचा तसा अर्थ कधीच घेतला जात नाही. त्याने सही केली नाही तर नोंद पेन्सिलीतच राहते.

ही व्यवस्था प्रत्यक्षात निर्दोष होती असे मात्र नव्हे. नोटीस कागदोपत्रीच बजावली जाणे, वारसनोंदीतून मुलींची नावे वगळली जाणे, हे प्रकार महसुली वादांत नित्य दिसतात. तथापि ते नियम मोडल्यामुळे घडत. नियमच तसा होता म्हणून घडत नसत. संगणकाच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो.

३. साधनांची पूर्वपीठिका

प्रोग्रामच्या नित्यक्रमात अनपेक्षित प्रसंग उद्भवल्यास काय करावे, ह्याची भाषेतच सोय करण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९६४ च्या सुमारास आयबीएमच्या पीएल/आय ह्या भाषेत झाला. अमुक प्रसंग घडल्यास अमुक कृती करावी, असे तीत आगाऊ लिहून ठेवता येई. १९७५ साली जॉन गुडइनफ ह्यांनी अपवादांच्या हाताळणीची पद्धतशीर मांडणी केली. १९७९ साली बार्बरा लिस्कॉव्ह व ॲलन स्नायडर ह्यांनी सीएलयू भाषेतील अपवादव्यवस्थेचे विवरण प्रसिद्ध केले. एखादी क्रिया आपले काम पुरे करू शकत नसेल, तर तिने खोटे उत्तर देण्यापेक्षा बोलावणाऱ्याकडे अपवाद सोपवावा, हे तत्त्व येणेप्रमाणे वेबच्या जन्मापूर्वीच प्रस्थापित झाले होते.

डेटाबेसच्या बाजूनेही तयारी झाली होती. १९७० साली एडगर कॉड ह्यांनी संबंधाधिष्ठित डेटाबेसचा सिद्धांत मांडला. १९७४ साली डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस ह्यांनी पुढे एसक्यूएल म्हणून प्रसिद्ध झालेल्या भाषेची रूपरेषा दिली. तिचे पहिले अमेरिकी प्रमाण १९८६ साली ठरले. ह्या प्रमाणात प्रत्येक आज्ञेनंतर एक अंक परत येई. शून्य म्हणजे यश, शंभर म्हणजे जुळणारी नोंद नाही, आणि ऋण अंक म्हणजे चूक. चूक झाल्यास प्रोग्रामच्या अमुक भागाकडे जावे असे सांगण्याची सोयही होती. मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याने तसे सांगितले नाही, तर काय? तर प्रमाणाप्रमाणे पुढील आज्ञा चालू राहावयाची. मौनाचा अर्थ 'चालू द्या' असा येथे प्रथम लिहिला गेला.

१९९२ च्या प्रमाणाने अंकाऐवजी पाच चिन्हांचा एसक्यूएलस्टेट नावाचा संकेत आणला. त्याची पहिली दोन चिन्हे वर्ग सांगतात. ०० म्हणजे यश, ०१ म्हणजे इशारा, ०२ म्हणजे नोंद नाही. इतर वर्ग चुकांचे. ह्या वर्गवारीत एक विचार दडलेला आहे. एखादी लांब शब्दमाला लहान जागेत भरताना तिचे शेपूट तुटते. ही घटना ह्या प्रमाणात दोन वेगळ्या वर्गांत येते. डेटाबेसमधून वाचून प्रोग्रामच्या अपुऱ्या जागेत घेताना ती तुटली, तर तो ०१००४ हा इशारा होय. कारण मूळ नोंद सुरक्षितच असते. परंतु डेटाबेसमध्ये लिहिताना तुटणार असेल, तर ती २२००१ ही चूक होय, आणि लेखन झालेच नाही पाहिजे. वाचताना झालेली हानी भरून निघते, लिहिताना झालेली निघत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चावडीवरचा तलाठीही हा भेद जाणत होता. नक्कल उतरताना झालेली चूक आणि मूळ वहीत झालेली चूक ह्यांना तो एकाच मापाने मोजत नसे.

४. वेबच्या पहिल्या दशकातील मौन

जून १९९५ मध्ये रासमुस लेर्डोर्फ ह्यांनी पीएचपीची पहिली साधने जाहीर केली. मायएसक्यूएल ह्या डेटाबेसची सुरुवातही त्याच वर्षीची. दोन्ही सहज उपलब्ध, शिकण्यास सोपी आणि एकमेकांना जुळणारी होती. त्यामुळे जगभरातील लहानमोठी संकेतस्थळे, अर्थात् महाराष्ट्रातीलही, ह्या जोडीवर उभी राहिली. तिची सोय मोठी होती, परंतु चुकीबाबतची तिची वृत्ती सैल होती.

पीएचपीच्या जुन्या मायएसक्यूएल विभागात क्वेरी पाठविली आणि ती फसली, तर प्रोग्राम थांबत नसे. उत्तरादाखल केवळ 'असत्य' हे मूल्य परत येई, आणि कारण हवे असल्यास ते वेगळ्या आज्ञेने विचारावे लागे. लिहिणाऱ्याने ते विचारले नाही, तर पुढील ओळ ह्या 'असत्य' मूल्यातून एकेक नोंद काढण्याचा प्रयत्न करी. तसे करताना एक इशारा उमटे. नोंदी अर्थातच शून्य निघत. आणि पानाच्या अखेरीस 'नोंद आढळली नाही' असे सभ्य वाक्य छापले जाई.

ह्या वाक्याचे गांभीर्य लक्षात यावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. करावे येथील एका वृद्ध खातेदाराच्या नातवाने आजोबांच्या नावाचा फेरफार संकेतस्थळावर शोधला, असे समजा. त्या क्षणी डेटाबेसशी असलेला संबंध तुटलेला होता, किंवा क्वेरीत एका अवतरणचिन्हाची चूक होती. पडद्यावर आले : नोंद आढळली नाही. वस्तुतः 'शोधले, पण नाही' आणि 'शोधताच आले नाही' ही दोन निरनिराळी विधाने आहेत, आणि एसक्यूएलच्या प्रमाणाने १९८६ पासून ती निराळी ठेवली होती. वेबच्या प्रोग्रामाने ती एक केली. नातू घरी जाऊन सांगणार की आपले नाव कोठेच नाही. आणि हे खोटे विधान करणारा कोणीही माणूस दाखविता येणार नाही.

ह्या दोषावर त्या काळी दोन उपाय रूढ झाले, आणि दोन्ही नव्या रोगांना कारण ठरले. पहिला उपाय असा, की क्वेरी फसल्यास डेटाबेसने दिलेला संदेश जसाच्या तसा पडद्यावर छापून प्रोग्राम तेथेच संपवावा. पाठ्यपुस्तकांतून व शिकवणीवर्गांतून ही एक ओळ पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली गेली. परंतु त्या संदेशात कोष्टकांची व स्तंभांची नावे असत. सामान्य नागरिकाला त्यातून काही बोध होत नसे. दुष्ट हेतूने आलेल्याला मात्र घराचा नकाशाच मिळे. १९९८ च्या अखेरीस 'फ्रॅक' ह्या नियतकालिकात संकेतस्थळाच्या अर्जातून परक्या क्वेरी घुसविण्याची रीत प्रसिद्ध झाली होती. उघडे त्रुटिसंदेश हे त्या रीतीचे आयते साहित्य ठरले.

दुसरा उपाय ह्याच्या उलट होता. पीएचपीत आज्ञेपूर्वी एक लहानसे चिन्ह लावले की तिने उमटविलेला इशारा दिसेनासा होतो. पान स्वच्छ दिसावे म्हणून हे चिन्ह सढळ हाताने वापरले गेले. चावडीच्या भाषेत सांगावयाचे, तर हरकतीचा अर्ज आला असता तो ६-अ मध्ये नोंदविण्याऐवजी गालिच्याखाली सारण्याचाच हा प्रकार होय.

५. कापलेली नावे व अर्धे व्यवहार

येथवर वाचनाचा विचार झाला. लेखनाच्या बाबतीत स्थिती अधिक गंभीर होती. मायएसक्यूएलने बराच काळ असे धोरण ठेवले होते, की आलेले मूल्य जागेत बसत नसेल तर ते बसेल असे करून घ्यावे. फार मोठी संख्या आली, तर त्या जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या लिहिली जाई. अशक्य तारीख आली, तर सर्व शून्यांची तारीख लिहिली जाई. लांब नाव आले, तर ते कापले जाई. एसक्यूएलच्या प्रमाणाने ज्याला चूक ठरविले होते, तेच येथे इशाऱ्याच्या पातळीवर उतरविले गेले. हे इशारे एकेक करून पाहण्याची आज्ञा ४.१ ह्या आवृत्तीत आली. परंतु विचारल्यावाचून ते कोणी सांगत नसे.

मराठी नावांच्या बाबतीत ह्याचे परिणाम विलक्षण होत. 'ज्ञानेश्वर' हे नाव मराठी माणसाच्या कानाला चार अक्षरांचे. युनिकोडमध्ये त्याची चिन्हे दहा होतात आणि यूटीएफ-८ ह्या लेखनपद्धतीत त्याला तीस बाइट लागतात. स्तंभाची लांबी इंग्रजी नावांच्या अंदाजाने ठरविलेली असेल, तर देवनागरी नाव सहज त्याबाहेर जाते. नोंदीची जागा नेमकी ह्या नावाच्या सातव्या चिन्हापाशी संपत असेल, तर उरते ते 'ज्ञानेश'. हे तुटलेले नाव तुटलेले दिसत नाही; ते दुसऱ्याच एका माणसाचे पुरे नाव आहे. तपासणाऱ्याची नजर त्यावरून सरळ पुढे जाते. स्तंभ केवळ रोमन लिपीच्या संचाचा असेल, तर प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटे आणि मूळ नाव कायमचे नष्ट होई. विरोधाभास असा, की प्रश्नचिन्हांची ही रांग कापलेल्या नावापेक्षा कमी घातक होय. ती निदान स्वतःची विटंबना लपवीत नाही.

दुसरा प्रश्न अर्ध्या व्यवहाराचा. विक्रीचा फेरफार म्हणजे एका खात्यातून क्षेत्र वजा करणे आणि दुसऱ्यात तितकेच मिळविणे. पहिली क्वेरी यशस्वी झाली व दुसरी फसली, तर ४० आर जमीन कोणाचीच राहत नाही. ह्यावरील उत्तर शास्त्रात तयार होते. दोन्ही क्रिया एकत्र बांधाव्या व एक फसल्यास दोन्ही मागे घ्याव्या, ही व्यवहाराची कल्पना जिम ग्रे ह्यांनी १९८१ च्या प्रसिद्ध निबंधात मांडली होती. परंतु मायएसक्यूएलच्या मूळ साठवणव्यवस्थेत, म्हणजे मायआयसॅममध्ये, ही सोयच नव्हती. तिची सोय असलेली इनोडीबी ही व्यवस्था २०१० साली आलेल्या ५.५ ह्या आवृत्तीपासून मूळ पर्याय झाली. शिवाय व्यवहार मागे घेण्यासाठी फसल्याचे आधी कळावे लागते. जो प्रोग्राम 'असत्य' हे उत्तर वाचतच नाही, तो अर्धा व्यवहारही पक्का करून मोकळा होतो.

६. मौनाचा अर्थ बदलतो

सर्वच भाषांनी हा सैलपणा पत्करला होता असे नव्हे. १९९७ साली जावा भाषेच्या १.१ आवृत्तीबरोबर आलेल्या जेडीबीसी ह्या दुव्यात क्वेरी फसताच अपवाद उठे, आणि तो अपवाद झेलण्याची किंवा पुढे सोपविण्याची तजवीज न करणारा प्रोग्राम भाषांतरकच नाकारी. इशारे मात्र तेथेही उठत नसत. ते मुकाट्याने एका साखळीत जोडले जात, आणि ज्याला हवे त्याने ते मागून घ्यावे अशी योजना होती. पायथनच्या १९९९ च्या डेटाबेसविषयक संकेतातही चुकांची अपवादरूप वर्गवारी निश्चित झाली होती. पर्लच्या डीबीआय ह्या दुव्यात चूक झाल्यास अपवाद उठविण्याचा पर्याय होता, पण तो मुद्दाम सुरू करावा लागे; अन्यथा संदेश केवळ छापला जाई.

पीएचपीत हा बदल टप्प्याटप्प्याने घडला. जुलै २००४ मधील पाचव्या आवृत्तीत अपवादांची भाषिक सोय आली व मायएसक्यूएलआय हा नवा दुवा मिळाला. २००५ साली ५.१ बरोबर पीडीओ हा सामाईक दुवा आला. परंतु ह्या दोन्ही दुव्यांत अपवाद हा ऐच्छिक पर्याय होता. पीडीओच्या मूळ पर्यायाचे नावच 'मूक' ह्या अर्थाचे होते. त्याच वर्षी मायएसक्यूएलच्या ५.० आवृत्तीत कडक पद्धत आली, तीही ऐच्छिकच. साधन हाती होते, पण ते उचलण्याचा भार प्रत्येक लेखकावर होता, आणि ज्याला त्याची सर्वाधिक गरज होती त्या नवशिक्याला ते ठाऊकच नव्हते.

खरा पालट पुढे झाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये मायएसक्यूएल ५.७ ने कडक पद्धत हाच मूळ पर्याय केला; जागेत न बसणारे नाव आता कापले न जाता नाकारले जाऊ लागले. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपीच्या सातव्या आवृत्तीतून जुना मायएसक्यूएल विभाग काढून टाकण्यात आला. नोव्हेंबर २०२० मधील ८.० आवृत्तीत पीडीओचा मूळ पर्याय 'मूक' ऐवजी 'अपवाद' झाला, आणि नोव्हेंबर २०२१ मधील ८.१ मध्ये मायएसक्यूएलआयचाही तसाच झाला. १९९५ पासून मोजले तर ह्यास सव्वीस वर्षे लागली. ह्या बदलात नवा शोध असा काहीच नव्हता. लेखकाच्या मौनाचा अर्थ तेवढा 'चालू द्या' ऐवजी 'थांबा' असा झाला. संगणकाची नोंद पेन्सिलीत सुरू होऊ लागली ती येथपासून.

ह्या बदलास विरोध झाला नाही असे नाही, आणि त्यातील सर्वच विरोध आळसातून आलेला नव्हता. सैल पद्धतीवर वर्षानुवर्षे चाललेली संकेतस्थळे नव्या आवृत्तीवर नेताच जागोजाग थांबू लागली. चालणारे काम बंद पाडण्यापेक्षा किरकोळ खोट चालवून घ्यावी, हा युक्तिवाद व्यवहारी माणसाचा होता. त्याला उत्तर एवढेच, की ते काम चालत होते असे म्हणणे हाच भ्रम होता. नव्या आवृत्तीने चुका निर्माण केल्या नाहीत, आधीच्या चुकांना वाचा फोडली.

७. अपवादाचे दुरुपयोग व त्याची मर्यादा

तथापि अपवाद उठला म्हणजे कर्तव्य संपले असेही समजता येत नाही. अपवाद झेलणारा भाग रिकामा ठेवला, तर जुन्या काळचे ते लहानसे चिन्ह नव्या वेषात परत येते. प्रत्येक क्वेरीभोवती अपवाद झेलण्याची कुंपणे घातली, तर प्रोग्राम वाचता येत नाही आणि बहुधा प्रत्येक कुंपणात तेच निरर्थक वाक्य आढळते. प्रत्येक किरकोळ अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे न्यावयाचा नसतो, तसाच तो शिपायाने दारातच निकाली काढावयाचाही नसतो. ज्याला निर्णय घेण्याचा अधिकार व माहिती आहे, त्याच पातळीवर अपवाद झेलला पाहिजे.

ही पातळी चुकीच्या वर्गावरून ठरते. एसक्यूएलस्टेटचा २३ हा वर्ग नियमभंगाचा आहे. एकच फेरफार क्रमांक दुसऱ्यांदा लिहिला जात असेल, तर तो येथे अडतो. हे लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला समजेल अशा मराठीत कळवून दुरुस्तीची संधी द्यावयाची. ४०००१ हा संकेत दोन व्यवहार एकमेकांत अडकल्याचा आहे. येथे माणसाला त्रास न देता व्यवहार मागे घेऊन तो पुन्हा सुरू करणे युक्त होय. क्वेरीचीच रचना चुकलेली असेल किंवा डेटाबेसशी संबंध तुटला असेल, तर ह्याचा निकाल त्या जागी लागू शकत नाही. अशा वेळी अपवाद प्रोग्रामच्या सर्वांत बाहेरच्या वेशीपर्यंत जाऊ द्यावा. तेथे अर्धा व्यवहार मागे घ्यावा, पूर्ण तपशील अंतर्गत नोंदवहीत लिहावा, आणि नागरिकाला खरे तेवढेच सांगावे : ह्या वेळी नोंद पाहता आली नाही. 'नोंद नाही' असे सांगण्याचा अधिकार त्या पानाला ह्या स्थितीत नाही. संदेशाबरोबर एखादा संदर्भ क्रमांक दिला, तर तो ६-अ च्या पोचेचे काम करतो; तक्रार घेऊन येणाऱ्याच्या हाती पुरावा राहतो.

इशाऱ्याचे स्थानही ह्यावरून ठरविता येते. इशारा म्हणजे गौण अपवाद असे मानण्याची चूक वारंवार होते. वस्तुतः जो वाचण्याची जबाबदारी कोणावर तरी नेमून दिलेली आहे, तोच इशारा होय. जो वाचणे ऐच्छिक आहे, तो केवळ आवाज होय. म्हणून लेखनाच्या क्वेरींमध्ये इशाऱ्याला अपवादाच्या पातळीवर चढविणे आणि वाचनाच्या क्वेरींमध्ये त्याची नियमित तपासणी करणे, ही १९९२ च्या प्रमाणातील भेदाशी सुसंगत अशी रीत ठरते.

८. समारोप

महाराष्ट्रात भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची सुरुवात केंद्राच्या १९८८-८९ च्या योजनेने झाली. तीत आरंभी निवडलेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. पुढे ई-फेरफार पद्धतीत तलाठ्याने नोंद घ्यावी, नोटिशीची मुदत जावी आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच ती सातबाऱ्यावर उतरावी, हा जुना क्रम संगणकात आणला गेला. सातबाऱ्याचे एकूण क्षेत्र व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नसल्यास ती विसंगती वेगळ्या अहवालात दाखविण्याची सोय झाली. अशा दुरुस्त्यांसाठी कलम १५५ चाच आधार घेतला जातो. २०१७ साली संगणकीकृत सातबारे गावोगाव चावडीवर वाचून दाखविण्यात आले, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला.

ह्या क्रमात एक बोध आहे. यंत्राने दाखविलेली विसंगती अखेर चावडीवरच्या वाचनाने तपासावी लागली. कारण बेरीज जुळते की नाही हे यंत्र सांगू शकते, पण 'ज्ञानेश' हा 'ज्ञानेश्वर' होता की नव्हता, हे गावच सांगू शकते. प्रोग्रामने करावयाचे एवढेच, की संशय आल्यावर थांबावे, संशय लिहून ठेवावा आणि तो ज्याच्यापुढे जावयास हवा त्याच्यापुढे न्यावा.

कलम १५७ अन्वये अभिलेखातील नोंद खरी मानली जाते. हे गृहीतक समाजाने अभिलेखावर टाकलेल्या विश्वासाचे आहे, आणि नोंद डेटाबेसमध्ये गेल्याने ते कमी झालेले नाही. म्हणून त्या नोंदीपर्यंत पोचणाऱ्या प्रोग्रामची प्रत्येक न वाचलेली ओळ, प्रत्येक रिकामा ठेवलेला अपवाद, हा केवळ तांत्रिक दोष राहत नाही. ज्याची खाडीकाठची शेती केव्हाच शहराखाली गेली, त्या करावे येथील खातेदाराजवळ आता नोंद तेवढीच उरली आहे. ती पेन्सिलीत आहे की शाईत, हे त्याला पडद्यावर स्पष्ट दिसले पाहिजे.